अनुसूचीत नसलेली पाठ

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेली पहिली अनुसूची सलग वाचून काढली की अंगावर काटा येतो. अंगठा गेला तर ३० टक्के. तर्जनी मुळापासून गेली तर १४. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असला तर ४०. पूर्ण बहिरेपणा आला तर १००. हात खांद्याखाली कापावा लागला, तर उरलेला खुंट खांद्याच्या टोकापासून २०.३२ सेंटिमीटरपेक्षा कमी आहे की जास्त, यावर ८० की ७० हे ठरतं. (मूळचे आठ इंच मेट्रिकमध्ये आणताना कुणी दशांशसुद्धा सोडला नाही!) इतक्या बारकाईनं माणूस मोजणाऱ्या या यादीत पाठ मात्र नाही. कणा नाही, मणका नाही, कंबर नाही.

पाठीच्या दुखापतीला भरपाई नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. कायदा तिला अनुसूचीबाह्य इजा म्हणतो आणि तिच्यासाठी वेगळी वाट ठेवतो. पण ती वाट अनुसूचीतल्या आकड्यासारखी सरळ नाही. तुटलेलं बोट कुणीही पाहू शकतो; सरकलेली गादी आणि दबलेली नस कागदावर सिद्ध करावी लागते. नागपूर जिल्ह्यातल्या कामगारांसाठी तयार झालेल्या या पुस्तिकेची प्रस्तावना लिहिताना मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे की, पाठीच्या बाबतीत हक्क कायद्यात भक्कम आहे. तो गमावला जातो तो पहिल्या दोन-चार दिवसांत, आणि बहुतेक वेळा केसपेपरवरच्या एका ओळीत.

नागपूरला आपण संत्र्याचं शहर म्हणतो. संत्री कळमन्याच्या बाजारात येतात, तिथून निघतात, आणि या येण्या-जाण्याच्या मध्ये प्रत्येक पेटी कुणाच्या तरी पाठीवरून जाते. तीच गोष्ट मिरचीच्या पोत्यांची, धान्याची, इतवारीतल्या किराण्याची. हिंगण्याच्या आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत यंत्रं आली, तरी डाय बदलताना, ड्रम हलवताना, ट्रक भरताना शेवटी माणूसच वाकतो. बांधकामावर रेजा विटांची घमेली घेऊन मजले चढतात. उमरेड, सावनेर, कामठीच्या बाजूला वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आहेत. उघड्या खाणीत डंपर चालवणारा काही उचलत नाही, पण आठ तास तो जे हादरे बसून खातो, ते थेट कमरेच्या मणक्यात जातात. मनसर, कांद्रीच्या मँगनीजच्या खाणी वेगळ्याच.

मालाच्या ओझ्याला मर्यादा असावी, हे जगानं उशिरा मान्य केलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ मध्ये एका प्रौढ पुरुषानं नेहमी उचलायच्या ओझ्यासाठी ५५ किलोची शिफारस केली. आपल्याकडे क्विंटलभराचं पोतं एका हमालानं पाठीवर घ्यायचं, हे त्यानंतरही कित्येक वर्षं कौतुकानं सांगितलं जाई. त्या कौतुकाची किंमत पन्नाशीत वाकलेल्या माणसांनी चुकवली.

पाठीची दुखापत होते कशी, हे पाहिलं की पुढची अडचण कळते. पोतं उचलताना कमरेत चमक भरते. माणूस पाच मिनिटं भिंतीला टेकून उभा राहतो, पाणी पितो, उरलेली पाळी कशीबशी काढतो आणि घरी जातो. रात्री शेक, मलम, एखादी गोळी. सकाळी उठायला जातो तर पाय उचलत नाही. कमरेपासून पोटरीपर्यंत कळ जाते. बहुतेकदा बिघाड खालच्या दोन चकत्यांत असतो, चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये किंवा त्याखाली, कारण शरीराचा सगळा भार तिथंच एकवटतो. पण रक्त आलं नाही, आरडाओरडा झाला नाही, यंत्र थांबलं नाही. चालत घरी गेलेल्या माणसाला अपघात झाला, हे मान्य करायला कुणी तयार नसतं. कधीकधी तो स्वतःही नसतो.

अपघात म्हणजे काहीतरी कोसळणं, कापणं, जळणं, ही समजूत कामगारांत जितकी पक्की आहे तितकीच मुनीम आणि ठेकेदारांतही. कायद्यानं ती समजूत शंभर वर्षांपूर्वीच मोडून काढली आहे. १९०३ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे फेंटन विरुद्ध थॉर्ली हा खटला आला. अडकलेलं चाक फिरवायला एका कामगारानं जोर लावला आणि त्याला अंतर्गळ झाला. बाहेरून काहीच लागलं नव्हतं. तरीही, ज्याची अपेक्षा नव्हती आणि जे मुद्दाम केलेलं नाही असं काही कामाच्या जोरात शरीरात घडलं तर तो अपघातच, असा निर्णय झाला. १९१० मध्ये क्लोव्हर, क्लेटन विरुद्ध ह्यूज या खटल्यात हेच तत्त्व आणखी पुढे गेलं. नट आवळताना एका माणसाची आधीच फुगलेली रक्तवाहिनी फुटली. झोपेतसुद्धा फुटू शकली असती इतकी ती नाजूक होती, तरी भरपाई मंजूर झाली. भारताचा कायदा इंग्लंडच्याच कायद्यावरून बेतलेला असल्यामुळे आपली न्यायालयं हे निर्णय आधाराला घेत आली आहेत.

मराठी वाचकाला जवळचं उदाहरण मुंबईचं. पोर्ट ट्रस्टमधला एक पहारेकरी रात्रपाळीवर असताना हृदयविकारानं वारला. आजार जुना होता. त्याच्या विधवेचा दावा, लक्ष्मीबाई आत्माराम विरुद्ध बॉम्बे पोर्ट ट्रस्ट, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठानं सांगितलं की काम हे मृत्यूचं एकमेव कारण असण्याची गरज नाही. कामाच्या ताणानं त्याला हातभार लावला असेल तर मालकाची जबाबदारी येते. हृदयाबद्दलचा हा निर्णय पाठीच्या दाव्यात रोज उपयोगी पडावा असा आहे. कारण मालकाच्या विमा कंपनीचा ठरलेला बचाव असतो: ‘हे तर वयोमानानं झिजलेले मणके आहेत.’ चाळिशीच्या माणसाचा एमआरआय काढला तर थोडीफार झीज दिसणारच. ज्यांची पाठ कधी दुखली नाही त्यांच्याही चित्रात ती दिसते. झीज होती म्हणून काय झालं? कालपर्यंत तो त्याच मणक्यांवर पोती वाहत होता आणि आज वाहू शकत नाही, एवढा फरक कामावरच्या त्या क्षणानं पडला असेल, तर दावा उभा राहतो.

इथं थोडं मागं जायला हवं, कारण या विषयात नागपूरचं स्वतःचं एक पान आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी इथं सुरू झाली. १८८६ मध्ये तिथं निवृत्तिवेतनाचा निधी उभा राहिला आणि १८९५ पासून अपघातात जखमी झालेल्या कामगारांना भरपाई द्यायला सुरुवात झाली. जर्मनीत बिस्मार्कनं १८८४ मध्ये अपघात विम्याचा कायदा केला होता, पण इंग्लंडचा कायदा १८९७ चा आणि भारताचा १९२३ चा. म्हणजे जी गोष्ट लंडनच्या संसदेनं अजून मान्य केली नव्हती, ती नागपुरातली एक गिरणी आधीच करत होती. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र त्या भरपाईत आणि १९२३ नंतरच्या भरपाईत एक मूलभूत फरक होता. पहिली शेठच्या शहाणपणावर अवलंबून होती. दुसरीसाठी मालक चांगला असण्याची गरज उरली नाही. गिरणी कधीच बंद पडली, त्या जागेवर आता मॉल आहे. मॉलमध्ये सामान उतरवणाऱ्या पोऱ्याला गिरणीची गोष्ट ठाऊक नसली तरी चालेल, कायदा ठाऊक असला पाहिजे.

कायद्याचं सूत्र असं: इजा कामाच्या ओघात आणि कामामुळे झाली असेल, तर चूक कुणाची हा प्रश्न विचारायचा नाही. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. ‘तूच वाकडा वाकलास’ हे उत्तर चालत नाही. दारूच्या किंवा नशेच्या अमलाखाली असणं, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणं, संरक्षक साधन जाणूनबुजून काढून टाकणं, एवढेच काय ते अपवाद. आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तेही लागू होत नाहीत.

आता त्या केसपेपरकडे येऊ. माणूस मेडिकलमध्ये किंवा मेयोत पोचतो, बहुधा मुकादमाबरोबर. खिडकीवर किंवा अपघात विभागात विचारतात, ‘काय झालं?’ कळ मारत असलेल्या माणसाऐवजी मुकादमच उत्तर देतो, ‘घरी पाय घसरला.’ कधी तो असं सांगतो कारण ठेकेदारानं तशी ताकीद दिलेली असते; कधी निव्वळ पोलिसांचा कागद टाळायला. खासगी दवाखान्यात तर ‘कंबरदुखी, आठ दिवसांपासून’ असं मोघम लिहून गोळ्या दिल्या जातात. दोन वर्षांनी नुकसानभरपाई आयुक्तांपुढे उलटतपासणी होते तेव्हा मालकाचा वकील दुसरं काही विचारत नाही, फक्त तेवढी ओळ वाचून दाखवतो. ऑपरेशन झालेलं असो, पायातली ताकद गेलेली असो, एमआरआयचे जाडजूड लिफाफे असोत, त्या पहिल्या ओळीपुढे सगळं लंगडं पडतं. म्हणून डॉक्टरांना स्वतःच्या तोंडानं सांगायचं: कुठं काम करत होतो, काय उचलत होतो, किती वाजता कळ आली. आणि ते तसं लिहिलं आहे की नाही हे तिथल्या तिथं कुणाकडून तरी वाचून घ्यायचं. त्यात उद्धटपणा काही नाही.

मालकाला सूचना द्यायची ती शक्य तितक्या लवकर आणि लेखी. तोंडी सांगितलं तर त्याचं काही राहत नाही. हल्ली मुकादमाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला ‘साहेब कमरेत चमक भरली, उद्या येत नाही’ हा साधा मेसेजसुद्धा तारीख आणि वेळ दोन्ही जपून ठेवतो. तो पुसू नये. सूचना दिली नाही किंवा तिच्यात त्रुटी राहिली, पण मालकाला अपघाताची माहिती होती असं दाखवता आलं, तर दावा बुडत नाही. दाव्याची मुदत १९२३ च्या कायद्यात २ वर्षांची आहे आणि सबळ कारण असेल तर आयुक्त उशीर माफ करू शकतात. मात्र पाठीच्या प्रकरणात ‘बरं वाटेल’ म्हणत थांबण्यातच मुदत निघून जाते. सूचना मिळाल्यापासून ३ दिवसांत मालकानं फुकट वैद्यकीय तपासणीची तयारी दाखवली तर कामगारानं ती करून घ्यावी लागते. नकार दिला तर हक्क तेवढ्यापुरता थांबतो.

यानंतर येतो तो खरा कळीचा आकडा. अनुसूचीबाह्य इजेत कमाईची क्षमता कायमची किती घटली, हे पात्र डॉक्टरनं ठरवायचं असतं. इथं फार मोठी गफलत होते. डॉक्टर लिहितात अपंगत्व: कणा किती वाकतो, पाय किती उचलतो, संवेदना किती गेली. ते शरीराचं माप झालं. कायदा विचारतो कमाईबद्दल. कणा २० टक्के निकामी झालेला कारकून उद्या टेबलाशी बसू शकतो. तोच कणा हमालाचा असेल तर त्याचा धंदाच संपला. दोघांच्या प्रमाणपत्रावर मात्र २० च येतं.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा जो निर्णय सांगायलाच हवा तो प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता, १९७५ सालचा. ओडिशातल्या जेपूर इथं चित्रपटगृहात नक्षीकाम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. अनुसूचीप्रमाणे ७० टक्के. पण एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून आयुक्तांनी १०० टक्के धरले आणि सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. त्याच निकालात हेही स्पष्ट झालं की भरपाई देणं लागतं ते अपघाताच्या दिवसापासून, निकालाच्या दिवसापासून नव्हे. मला विचाराल तर प्रत्येक अस्थिरोग विभागात हा निकाल मराठीत भिंतीवर लावून ठेवायला हवा. डॉक्टरांनी प्रमाणपत्रात ‘ओझं उचलण्याचं काम यापुढे करता येणार नाही’ एवढं एक वाक्य घातलं, तरी टक्क्यांपेक्षा त्याचं वजन जास्त पडतं. आणि प्रमाणपत्र देणारे डॉक्टर साक्षीला यायला हवेत. नुसता कागद पुढे केला तर समोरचा वकील त्यावर आक्षेप घेतोच.

हिशेब कसा होतो ते एका उदाहरणानं. वय ४०, महिन्याची मजुरी १५,००० रुपये. जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी जास्तीत जास्त एवढीच मजुरी धरली जाते. कायमच्या पूर्ण अपंगत्वात तिच्या ६० टक्के म्हणजे ९,०००, गुणिले ४० व्या वर्षाचा गुणक १८४.१७. उत्तर १६,५७,५३० रुपये. कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं ठरलं तर ४,९७,२५९. शंभर टक्के ठरलं तर सगळी रक्कम. एका डॉक्टरच्या एका आकड्यावर साडेअकरा लाखांचा फरक! मृत्यूच्या बाबतीत मजुरीच्या ५० टक्केच धरतात, हे अनेकांना उलटं वाटतं. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जेवायचंही असतं आणि औषधही लागतं, हे कायद्यानं ओळखलं आहे. बरं होईपर्यंतच्या काळात दर पंधरवड्याला मासिक मजुरीच्या २५ टक्के, आणि २००९ च्या दुरुस्तीनंतर उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकाकडे. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि कारण पटण्यासारखं नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

हे सगळं ज्यांना राज्य कामगार विमा (ईएसआय) लागू नाही त्यांच्यासाठी. ईएसआयची वाट वेगळी आहे आणि एकाच अपघाताला दोन्हीकडे मागता येत नाही. या योजनेचा आराखडा प्राध्यापक बी. पी. अदारकर यांनी १९४४ मध्ये दिला, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. कायदा १९४८ चा, आणि १९५४ मध्ये योजना नागपुरात आली. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कारखान्याच्या कामगाराला तात्पुरत्या अपंगत्वात मजुरीच्या सुमारे ९० टक्के मिळतात आणि कायमच्या अपंगत्वात दरमहा रक्कम. नोकरीचा पहिला दिवस असला तरी चालतं. आधी इतके महिने वर्गणी भरलेली हवी अशी अट कामावरच्या इजेला नाही. पण तिथंही मालकानं पाठवलेला अपघाताचा अहवाल हवा आणि पुढे वैद्यकीय मंडळाचा टक्का हवा. सोमवारी पेठेतल्या रुग्णालयात महिनाभर ‘आजारपणा’च्या रजेवर उपचार घेतले आणि अपघाताचा अहवाल गेलाच नाही, तर ती कामावरची इजा राहत नाही, साधा आजार होतो, आणि आजारपणाचा लाभ कमीही असतो आणि लवकर संपतोही.

हमालाचा प्रश्न याहून जुना: त्याचा मालक कोण? अडत्या म्हणतो माल शेतकऱ्याचा, शेतकरी म्हणतो बाजार समितीचा, समिती म्हणते परवाना तेवढा आमचा. १९६९ च्या माथाडी कायद्यानं हा गोंधळ बऱ्यापैकी मिटवला. माथाडी मंडळाकडे नोंद असलेल्या कामगाराला भरपाईचा कायदा लागू होतो. ज्याची नोंद नाही त्याच्या वाट्याला पुन्हा तीच टोलवाटोलवी. ठेकेदाराच्या कामगाराचं त्या मानानं सोपं आहे: कलम १२ प्रमाणे तो सरळ मुख्य मालकाकडे मागू शकतो; ठेकेदाराशी काय ते मालकानं नंतर बघावं.

स्टॅम्पपेपरबद्दल दोन शब्द. पाठीची प्रकरणं नागपुरात सर्वांत जास्त संपतात ती न्यायालयात नव्हे, ठेकेदाराच्या ऑफिसात. पंधरा-वीस हजार हातात, आणि स्टॅम्पच्या कागदावर ‘माझी कसलीही तक्रार उरलेली नाही’. कामगाराला वाटतं आता दार बंद झालं. ते झालेलं नसतं. हक्क सोडून देणारा करार कलम १७ नुसार रद्दबातल आहे आणि तडजोड आयुक्तांकडे नोंदवल्याशिवाय तिला अर्थ नाही. गंमत म्हणजे, अशी नोंद न करता पैसे देणाऱ्या मालकाला पुढे पूर्ण भरपाई द्यावी लागली, तर आधी दिलेल्यातली साधारणपणे निम्मीच रक्कम वजा करता येते. सही केलेल्या माणसालासुद्धा हे पुस्तक उपयोगी आहे ते यासाठी.

महाराष्ट्रात श्रम न्यायालयाचे न्यायाधीश आयुक्त म्हणून हे दावे ऐकतात. अपघात कुठंही झाला असो, कामगार जिथं राहतो तिथं दावा लावता येतो. सुरतेत किंवा हैदराबादेत पाठ मोडून काटोलला परतलेल्या माणसाला तिकडे खेपा घालायची गरज नाही, आणि बुटीबोरीत जखमी झालेला छत्तीसगडचा मजूर आपल्या गावी जाऊनही दावा करू शकतो. वकील परवडत नसेल तर नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारी बाजू मांडू शकतो. ३ महिन्यांत निकाल द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तो कधी लागतो हे न्यायालयाच्या व्हरांड्यात बसलेल्या कुणालाही विचारावं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात विलीन झाला. दोष न विचारण्याचं तत्त्व, टक्के, गुणक, अनुसूची अशी रचना तीच आहे. घर ते काम या प्रवासातला अपघात आता, वेळ-ठिकाण-परिस्थितीचा कामाशी संबंध असेल तर, स्पष्टपणे आत घेतला आहे. आधीच्या अपघातांचे दावे जुन्या कायद्यानं चालतील, म्हणून या पुस्तिकेत कलमांचे आकडे जुनेच ठेवले आहेत. संहितेच्या अनुसूचीतही अंगठा आहे, तर्जनी आहे, डोळा आहे. पाठ अजून नाही. तेव्हा वाचकानं सरळ तिसऱ्या प्रकरणावर जावं. केसपेपरवर काय लिहून घ्यायचं आणि मालकाला पाठवायच्या सूचनेचा नमुना तिथं दिला आहे. इतिहास नंतर वाचला तरी चालेल.